आधी भिंत, मग पडदा
छायाचित्रांच्या प्रदर्शनात आधी छायाचित्रकारावरचा माहितीपट बघून मग दालनात शिरायचा बेत असेल तर उलटं कर. छायाचित्रकार पडद्यावर बोलायला लागला की त्याचंच म्हणणं डोक्यात बसतं आणि भिंतीवर तेवढंच दिसतं. पहिली चक्कर पाट्या न वाचता मार. जिथे पाय आपोआप थबकतील, त्या दोन-चार फोटोंकडेच परत जा. सगळं बघायचा हट्ट नको, डोळे दमतात.

मग पाटी वाच. पुष्कळदा तिथे दोन सालं असतात, फोटो काढल्याचं आणि प्रिंट केल्याचं. नवखे दुसऱ्या सालाकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण खरी गंमत तिथेच. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा चंद्रोदयाचा फोटो १९४१चा. एकाच निगेटिव्हवरून त्याने वर्षानुवर्षं प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाशात ढग दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळंकुट्ट. मला विचारशील तर सुरुवातीचेच जास्त आवडतात.

छायाचित्रकार डोरोथिया लँग हिने काढलेला स्थलांतरित आईचा फोटो ‘मायग्रंट मदर’ (१९३६) लावला असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात बघ. तंबूचा खांब धरलेला अंगठा नंतर निगेटिव्हवर झाकला गेला, तरी पुसटसा दिसतो. त्यासाठी जवळ जावं लागतं. काचेवर दिवे चमकत असतील तर जरा तिरका उभा राहा. मोबाइल खिशातच बरा.

माहितीपटात काँटॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकत्र छापलेला कागद, दाखवली तर निवडलेली फ्रेम सोड. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम बघ, म्हणजे छायाचित्रकार किती पावलं सरकला ते कळेल. आणि वेळ उरला तर दालनात पुन्हा एक फेरी मारच.