आधी प्रश्न वाच, मग टिक कर

अगं, अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या फॉर्मवर जुनी प्रकरणं सांगायची का, हा तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि पहिला राग आला तो एफसी रोडवरच्या त्या कन्सल्टंटचा. "इंडियातलं तिकडे कोण चेक करतंय, नो टिक करा" म्हणे. त्याचं काय जातंय, फॉर्मवर सही तुझी आहे.

सेकंड इयरची कॉपी केस आणि सोसायटीच्या पार्किंगवरून झालेली एनसी (अदखलपात्र तक्रार), दोन्ही एकत्र करून घाबरून बसलीयेस. आधी प्रश्न वाच. मोठ्याने वाच. अमेरिकेत एखादं लॉ स्कूल फक्त शिक्षा झाली का विचारतं, दुसरं अटक किंवा चार्ज झाला का तेही, तिसरं म्हणतं रेकॉर्ड पुसलं गेलं असलं तरी सांगा. एनसीत पोलीस नुसती नोंद करतात, मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय तपासही करता येत नाही त्यांना. अटक झाली? नाही. चार्ज? नाही. मग जिथे तेवढंच विचारलंय तिथे पानभर कबुलीजबाब कशाला? कधी तक्रार झाली का असं विचारलं असेल तर मात्र लिहायची. आणि कॉपी केसमध्ये तुझा पेपर रद्द झालाय, कॉलेजच्या ॲक्शनबद्दलचा प्रश्न बहुतेक फॉर्मवर असतोच, तिथे हो म्हणजे हो, वय लहान होतं वगैरे नको.

कारण जेडी, म्हणजे तिथली लॉची डिग्री, झाल्यावर वकिलीच्या लायसन्ससाठी बारचं कॅरॅक्टर अँड फिटनेस, म्हणजे चारित्र्याची तपासणी येते, तिथे खोदून विचारतात आणि आजचा हा फॉर्म मागवून ताडून बघू शकतात. जुनी कॉपी केस बहुतेक निभावते गं, लपवलेली निभावणं अवघड. परत येऊन इथे सनद घेईन म्हणशील तर इथेही तेच, ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 26 मध्ये महत्त्वाच्या गोष्टीबद्दल खोटी माहिती देऊन सनद घेतली तर वकिलांच्या रोलवरून नाव काढायची सोय आहे. 2024 च्या सर्क्युलरमध्ये तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने लॉच्या पोरांना निर्दोष सुटलेली केससुद्धा डिक्लेअर करायला सांगितलीये.

माझं म्हणशील तर मोर्च्यातली एक केस होती माझ्यावर, पुढे मागे घेतली गेली. एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटच्या फॉर्मवर विचारलं होतं, कधी गुन्हा दाखल झालाय का. मी हो लिहिलं. नोकरी गेली. आई कितीतरी दिवस धड बोलली नाही, आणि अजूनही शिवाजीनगर कोर्टाबाहेर भर उन्हात गाडी लावायला जागा शोधताना मनात येतं की एसी केबिनमध्ये बसलो असतो. येतं मनात, खोटं कशाला बोलू. पण "शिक्षा झाली का" असं नव्हतं ना विचारलं, "दाखल झाला का" विचारलं होतं! दुसरं काय लिहिणार होतो मी? बायको हट्टी म्हणते, म्हणू दे.

तर कॉलेजकडून शिक्षेचं पत्र काढून आण, तारखा आठवणीने टाकू नकोस. काय झालं, काय शिक्षा, नंतर काय केलंस, अर्ध्या पानात. जिथे आधीच नो टिक करून फॉर्म गेलाय तिथे आजच मेल टाक, कन्सल्टंटला विचारत बसू नकोस. आणि प्रत्येक स्कूलचा प्रश्न जसाच्या तसा वर टाईप कर, त्याखाली तुझं उत्तर, रविवारपर्यंत मला पाठव, रडगाणं असेल तर वाचणार नाही.