फोटो छान आलाय, मग पोस्ट अशी का दिसते?

गणपती जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलतो. एरवी 'कोणता मोबाईल घेऊ' विचारणारे आता 'फोटो नीट का येत नाही' विचारायला लागतात, मोदकवाल्या, साडीवाले, मंडळवाले, ट्रेकवाले सगळेच. मोबाईल कुठला घ्यायचा याची उत्तरं या वेळी देत नाहीये, कारण गेल्या चारपाच वर्षांतला बऱ्यापैकी कुठलाही फोन या कामाला चालतो, अडतं ते दुसरीकडेच.

ताई, मी घरून उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. मोदक दिसायला खरंच सुंदर होतात हो, पण फोटोत एकतर पिवळे नाहीतर राखाडी, मळकट दिसतात. फिल्टर लावला की अजूनच विचित्र. रिंग लाईट घेऊ का?
— एक गृहिणी, डोंबिवली

रिंग लाईट नका घेऊ. निदान आत्ता तरी नको, ते पैसे आंबेमोहोराच्या पिठीत घाला.

तुमच्या एका तक्रारीत खरं तर दोन भानगडी आहेत. पिवळे दिसतात ते लाईटमुळे. दिवसा खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो आणि स्वयंपाकघरातला बल्ब पिवळा, दोन्ही एकदम पडले की फोनला कळतच नाही पांढरं नक्की कशाला म्हणायचं, मग तो मधलंच काहीतरी धरून चालतो. त्यामुळे घरातले सगळे लाईट बंद करायचे, छोटं टेबल किंवा पाट खिडकीपाशी न्यायचा आणि तिथे फोटो काढायचा, बास. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरी ओढणी नाहीतर जुनं धोतर खिडकीला लावा, उजेड मऊ होतो.

राखाडी दिसतात त्याचं कारण वेगळं. फोन असं गृहीत धरतो की समोरचं दृश्य साधारण मध्यम उजेडाचं असणार. पांढरे मोदक, पांढरी डिश, खाली पांढरा टेबलक्लॉथ, एवढं पांढरं बघून त्याला वाटतं की उजेड जास्त झाला, आणि तो सगळंच काळपट करून टाकतो. मोदकावर बोट टेकवा, बाजूला छोटा सूर्य दिसेल (प्रत्येक फोनमध्ये थोडा वेगळा असतो), तो जरासा वर सरकवा. किंवा त्याहून सोपं म्हणजे डिश बदला. केळीचं पान, पितळेचं ताट, काळ्या दगडाचा पाटा, काहीही, फक्त पांढरं नको.

आता रिंग लाईटला नाही का म्हटलं ते. मोदकाचं सगळं सौंदर्य कळ्यांमध्ये आहे, आणि कळ्या दिसतात त्या त्यांच्या मधल्या सावलीमुळे. रिंग लाईट समोरून सरळ पडतो, सावली पुसून टाकतो आणि तुमच्या एकवीस कळ्यांचा मोदक गुळगुळीत गोळा दिसतो. उजेड बाजूने आला पाहिजे, म्हणजे खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला हवी, आणि फोन खाली मोदकाच्या उंचीवर आणा. बहुतेक जण उभं राहून वरून फोटो काढतात, त्यात नुसतं टोक दिसतं. पुरणपोळीचं बरोबर उलटं, ती चपटी, तिचा फोटो वरूनच छान येतो, एक पोळी दुमडून आतलं पुरण दिसू द्या.

मोदक उकडून काढल्यावर लगेच फोटो घ्या कारण थोड्या वेळाने वरची पारी सुकते आणि फोटोत तडे दिसतात. एक मोदक फोडून सारण दाखवा, तूप अगदी शेवटी सोडा. फोटो काढायच्या आधी कॅमेऱ्याची काच सुती फडक्याने पुसा, स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनच्या काचेवर तेलाचा हात लागलेला असतोच, आणि निम्मे 'धुरकट' फोटो त्यानेच होतात. भाव, ऑर्डर किती आधी द्यायची, डिलिव्हरी कुठपर्यंत, हे सगळं खाली कॅप्शनमध्ये लिहा, मोदकावर नको.

आमचं हातमागावरच्या पैठणीचं घरचं काम आहे. इन्स्टावर फोटो बघून लोक मागवतात आणि साडी हातात पडल्यावर म्हणतात रंग वेगळाच आहे. आम्ही रंग मुद्दाम वाढवत नाही तरीसुद्धा असं होतं. काय करावं?
— एक विणकर, येवला

दादा, यात तुमची लबाडी नाही आणि गिऱ्हाइकाचीही नाही. पैठणीत पुष्कळदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून तर ती हलवली की रंग पलटतो. अशा कापडाचा एकच 'खरा' फोटो असूच शकत नाही. जांभळ्यावर हिरवी झाक असलेली साडी एका कोपऱ्यातून जांभळी दिसते आणि दुसऱ्यातून हिरवट, तुम्ही एक कोपरा टाकला, त्यांनी दुसरा बघितला.

म्हणून एका फोटोवर भागवू नका. पहिला फोटो पूर्ण पदराचा, दुसरा काठाचा अगदी जवळून, आणि मग पाचसात सेकंदांचा साधा व्हिडिओ ज्यात कुणीतरी साडी हातावर घेऊन हळू फिरवतंय. त्या व्हिडिओत जे कळतं ते कितीही फोटोंत कळणार नाही. आणि एक फोटो मागच्या बाजूचा घालाच! हातमागावरच्या पैठणीचा पदर मागून जवळजवळ पुढच्यासारखाच स्वच्छ असतो, मशीनवरच्या नकलेत मागे धागे लोंबत असतात. जाणकार बाई दुकानात साडी हातात घेतली की आधी उलटी करून बघते, ऑनलाईन तिला ते करता येत नाही, तर तुम्हीच करून दाखवा.

फोटो घरात ट्यूबखाली नको आणि कडक उन्हातही नको. सकाळी ओसरीवर किंवा दारातल्या सावलीत काढा. फ्लॅश बंद, कारण जरीचं काम त्याच्यात पांढरं फटक दिसतं. लाल, राणी, डाळिंबी हे रंग फोनला झेपत नाहीत, लाल रंग लवकर भरून जातो आणि मग त्यातली वीण, बुट्टी सगळं एकसारखं प्लास्टिकसारखं दिसायला लागतं. तिथे तो मघाचा सूर्य थोडा खाली ओढा. फोनमध्ये 'व्हिव्हिड' किंवा एआयने आपोआप फोटो सुधारण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा, बऱ्याच वेळा रंग वाढवणारा तोच असतो, तुम्ही हात लावला नसला तरी.

साडीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून पहिला फोटो काढा. एडिट करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवायचा आणि तीच सेटिंग बाकीच्या फोटोंना लावायची. स्नॅपसीडमध्ये व्हाईट बॅलन्सच्या पर्यायात ड्रॉपर आहे, तो कागदावर टेकवला की झालं, आणि ॲप फुकट आहे.

एवढं करूनही प्रत्येकाच्या फोनची स्क्रीन वेगळी, काहींनी रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून ती पिवळी करून ठेवलेली असते. म्हणून रंगाचं नाव लिहा. 'पर्पल कलर' नको. वांगी, कैरी, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली असं लिहा. आपल्याकडच्या बाईला 'आमसुली' म्हटल्यावर जेवढं अचूक कळतं तेवढं कुठल्याच फोटोत कळत नाही.

मी आमच्या तालीम मंडळाचं पेज बघतो. प्रत्येक पोस्टमध्ये अध्यक्ष, कार्याध्यक्ष, आधारस्तंभ, मार्गदर्शक सगळ्यांचे फोटो घालावेच लागतात, मूर्ती कोपऱ्यात जाते. मराठी अक्षरंपण फुटतात. आणि व्हॉट्सॲपवर टाकलं की सगळं धुरकट. एवढं सांगाच.
— एक कार्यकर्ता, कोल्हापूर

अरे, तुझं दुखणं साऱ्या महाराष्ट्राचं आहे. तुम्ही चौकातला फ्लेक्स लहान करून फोनवर टाकताय. फ्लेक्स दहा फुटी असतो, त्यात वीस चेहरे मावतात, माणूस सिग्नलला उभा राहून वाचतो तरी. फोनवर तेच वीस चेहरे साबुदाण्याएवढे होतात आणि बघणाऱ्याचा अंगठा तोवर पुढे गेलेला असतो.

तोडगा असा की भांडायचं नाही, पानं वाढवायची. इन्स्टाग्रामवर २०२४ पासून एका पोस्टमध्ये वीस फोटो घालता येतात. पहिल्या पानावर फक्त मूर्ती, मंडळाचं नाव आणि तारीख. पुढच्या पानांवर एकेक पदाधिकारी, मोठा फोटो, पूर्ण पान. त्यांना सांग की 'तुमचं सेपरेट पान केलंय', कोपऱ्यातल्या गोल चकतीपेक्षा हे त्यांना जास्त आवडेल, आणि मूर्तीला तिची जागा परत मिळेल.

अक्षरं फुटतात त्याची बहुतेक दोनच कारणं असतात. एक म्हणजे मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप झालेला असतो आणि तो दुसरीकडे पेस्ट केला की त्याचं काहीच्या काही होतं, मजकूर युनिकोडमध्येच (फोनवरचा नेहमीचा मराठी कीबोर्ड वापरतो ती पद्धत) टाईप कर. दुसरं म्हणजे ॲपलाच देवनागरीचे नियम कळत नाहीत, मग पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते आणि रफार सुटतो. ॲप नवीन घेतलंस की आधी त्यात 'निर्विघ्न' लिहून बघ. रफार, वेलांटी, जोडाक्षर सगळं एका शब्दात आहे, ते नीट उमटलं तर ॲप ठेव, नाहीतर डिलीट. जुन्या फोटोशॉपमध्ये करत असशील तर टाईपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआऊट निवडावा लागतो, त्याशिवाय ते फोडतंच.

फॉन्टसाठी पैसे घालवू नको. मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मोठ्या मथळ्याला यात्रा वन बघ, मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, उत्सवाच्या पोस्टला मस्त दिसतो. फक्त ल आणि श तपास, काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आपल्याला शाळेत शिकवलेला पाकळीचा ल हवा. एका पोस्टमध्ये दोनच्या वर फॉन्ट नको, आणि अक्षरांना सोनेरी, थ्रीडी, सावली, चमक हे सगळं एकदम तर नकोच नको.

साईज १०८० बाय १३५० पिक्सेल ठेव, म्हणजे उभी. जानेवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफाईलवरची चौकट चौकोनाऐवजी उभी झाली, म्हणून जुन्या चौकोनी पोस्टच्या दोन्ही बाजू तिथे कापलेल्या दिसतात, 'मंडळ'चं 'डळ' होतं. मजकूर कडांपासून चांगला आत घे.

धुरकटपणाचं म्हणशील तर व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो बारीक करतं. पाठवायच्या आधी वर एचडी दिसतं ते निवड, किंवा मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि मुळात ग्रुपवरून आलेला फोटो उचलून त्यावर डिझाईन करू नको, ज्याने काढला त्याच्याकडून ओरिजिनल मागव. मिरवणुकीत लेसर असतील तर फोन त्यांच्या रोखाने धरू नको, झोत थेट कॅमेऱ्यात गेला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो, डोळ्यांचं तर बोलायलाच नको.

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडला गेलो, कोकणकड्यावर नुसतं धुकं. फोटो सगळे पांढरेफट्ट. लोकांच्या पोस्ट मात्र भारी असतात, ते काय करतात?
— एक कॉलेज विद्यार्थी, नाशिक

ते थांबतात. कड्यावर धुकं दर काही मिनिटांनी हलतं, एखादी फट पडते, तेवढ्यात फोटो काढायचा. फट पडलीच नाही तर दरीचा नाद सोड आणि धुक्याचाच फोटो घे, जवळ एखादी गडद गोष्ट ठेवून, म्हणजे खडक, देऊळ, पाठमोरा मित्र. गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर धुक्यात जेवढं सुंदर दिसतं तेवढं उन्हात दिसत नाही असं माझं मत आहे. मित्राला रंगीत रेनकोट घालून उभा कर, पण कड्यापासून लांब. शेवाळलेल्या कातळावर कडेला जाऊन सेल्फी काढणाऱ्यांबद्दल मी इथे काही चांगलं लिहू शकणार नाही.

एडिटमध्ये हिरवा रंग वाढवू नको. सह्याद्री पावसाळ्यात आधीच पुरेसा हिरवा असतो, त्याला अजून हिरवा केला की टर्फचं मैदान दिसतं. भंडारदऱ्याच्या काजव्यांच्या फोटोंनाही फसू नको, झाडभर लाखो दिवे दिसतात ते फोटो बहुतेक वेळा ट्रायपॉडवर काढलेले अनेक फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. तसं लिहून टाकलं तर काहीच हरकत नाही, बरेच जण लिहीत नाहीत आणि मग लोक तिथे टॉर्च घेऊन गर्दी करतात.

मिसळीच्या एका हॉटेलवाल्याने फुकट खाऊ घातलं आणि पोस्ट टाक म्हणाला. टाकली. आता मैत्रीण म्हणते 'जाहिरात' असं लिहायला हवं होतं. पैसे तर घेतले नाहीत!
— एक फूड ब्लॉगर, पुणे

मैत्रीण बरोबर आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेचे इन्फ्लुएन्सर्ससाठीचे नियम जून २०२१ पासून आहेत, केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या, आणि दोन्हींत फुकट मिळालेली वस्तू, जेवण, प्रवास हे पैशासारखंच धरलंय. कॅप्शनच्या सुरुवातीलाच, 'मोअर' दाबायच्या आधी दिसेल असं लिही. पोस्ट एडिट करून आत्ताही लिहिता येईल. आणि रश्शाचा फोटो टाकताना तर्री वर यायला वेळ दे, लगेच काढलास तर नुसता तपकिरी दिसतो.

नातीचे फोटो फेसबुकवर टाकले म्हणून सून नाराज झाली. शाळेच्या पहिल्या दिवसाचा गणवेशातला फोटो होता, सगळ्यांनी कौतुक केलं. यात चुकलं काय?
— एक आजोबा, ठाणे

काका, कौतुक खरंच आहे, पण सुनेचंही ऐका. गणवेशावर शाळेचा बिल्ला असतो, मागे सोसायटीची पाटी दिसते, खाली तुम्ही नातीचं पूर्ण नाव लिहिता, म्हणजे मूल कोण, राहतं कुठे आणि सकाळी जातं कुठे हे अनोळखी माणसाला एका पोस्टमध्ये कळलं. असे फोटो घरच्या ग्रुपवर टाका. तिथे साधा फोटो म्हणूनच पाठवा, कोल्हापूरच्या मुलाला मी डॉक्युमेंट म्हणून पाठव सांगितलंय तसं नको, कारण कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर डॉक्युमेंटबरोबर फोटो कुठे काढला तेही जातं, साध्या फोटोत ते निघून जातं.

फेसबुकवर टाकायचाच झाला तर दप्तर पाठीला लावून चालत निघालेली नात मागून घ्या, चेहरा नाही, बिल्ला नाही. खरं सांगू, फोटो म्हणूनही तो जास्त चांगला दिसतो. मात्र टाकायच्या आधी सुनेला दाखवा, ती नको म्हणाली तर नको.