व्यवस्थापकपद, लहान मूल आणि लवचिक वेळ: सुरुवात करताना

मूल लहान आहे म्हणून व्यवस्थापकपद सोडण्याची घाई करू नका. ते निभावता येते. प्रथम आपल्या कामाच्या वेळा वरिष्ठांशी लेखी ठरवून घ्या आणि 3 महिन्यांनी फेरआढावा होईल, हे त्यातच नमूद करा. कामाचे तास कमी करून घेताना नेहमी आढळणारी चूक अशी, की तास आणि पगार कमी होतात, परंतु कामाचा भार तसाच राहतो आणि उरलेले काम मूल झोपल्यावर रात्री उरकले जाते. म्हणून कोणती जबाबदारी कोणाकडे जाईल आणि आपल्या अनुपस्थितीत कोणते निर्णय सहकाऱ्यांनी स्वतः घ्यावेत, हेही तेव्हाच ठरवा. लवकर निघताना क्षमा मागू नका. ती ठरलेलीच वेळ आहे. मूल आजारी पडल्यास घरी कोण थांबणार, हे आधीच बोलून ठेवा. पूर्ण आठवड्याचे तास 4 दिवसांत बसवण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा, कारण त्याने कामाचा प्रत्येक दिवस लांबतो.