वाचकांचे प्रश्न : कूलंटमध्ये ऑईल

प्रश्न : हळदीची पोती सांगली मार्केट यार्डात नेतो त्या डिझेल पिकअपच्या कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) टाकीत तपकिरी साय धरते. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ आहे. इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवू का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : एवढ्यात नको. आधी ऑईल कूलर (कूलंटच्या मदतीने इंजिन ऑईल थंड करणारा भाग) बघा. चालू इंजिनात ऑईलचा दाब साधारण 3-4 बार, कूलंटचा जेमतेम 1. त्यामुळे कूलर आतून फुटला की ऑईलच कूलंटमध्ये शिरतं. कूलर काढून ऑईलचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून 3 बार हवा सोडा, पाण्यात बुडवा. कूलंटच्या तोंडातून बुडबुडे आले, तर दोष तिथेच. थंड इंजिन सुरू करताच टाकीत सतत बुडबुडे आणि रेडिएटरचा वरचा पाइप टणक, असं असेल तरच हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. ऑईलने फुगलेले रबरी पाइप मात्र बदलाच. धुऊन ते सुधारत नाहीत.