उत्तर: शाळेत साल चुकलंय, पोरगा १७ वर्षांखालच्या संघात जाईल का?

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज बेळगावच्या उद्यमबागेत कामावर जायच्या आधी परत एकदा वाचली. मुलगा तुमच्या माहेरी चंदगड तालुक्यात ३ फेब्रुवारी २०१२ ला झाला. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर त्याचं नावच नाही, नुसतं 'पुरुष' लिहिलंय. इकडे कर्नाटकात, खानापूरच्या शाळेत मात्र १ जून २०११. फुटबॉलमध्ये डावीकडून पळणारा आहे, जिल्ह्याच्या निवडीत 'लहानखुरा आहे' म्हणून परत पाठवला. आणि आता एक माणूस तुम्हाला सांगतोय की तीन हजारात अॅफिडेव्हिट करून सगळे कागद शाळेसारखे करून देतो. तुम्ही विचारलंय की पोराला कोल्हापूरला घालू की गोव्याला की बेंगळूरला, आणि भारताच्या संघाचं काही जमेल का.

शेवटच्या दोन प्रश्नांवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मला त्या तीन हजारांवर बोलायचंय, कारण तो माणूस मलाही भेटला होता. हाच नव्हे, त्याच्यासारखाच दुसरा. आमच्या वेळी पंधराशे घेतले होते.

आधीच सांगतो, मी वकील नाही, कोच नाही. खराद मशीनवर आयुष्य गेलेला बाप आहे. नियम बदलतात, तेव्हा माझं ऐकून तारखा धरू नका, जाऊन विचारा.

माझा मोठा ११ जानेवारी २००० चा. तोही आजोळीच, महाराष्ट्रात झाला. पहिलीत घालताना वय भरत नव्हतं, तेव्हा हेडमास्तरांनी पेन उचललं आणि १ जून १९९९ लिहिलं. तुम्हाला हे सांगायला नको, आपल्याकडे निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला असतो. मी समोर उभा होतो. 'एक वर्ष वाचलं' म्हणून खूश होऊन घरी आलो आणि येताना पेढे घेतले.

लोक पोरांची वयं चोरतात ती कमी करून. आम्ही वाढवली, तेही फुकटात.

लेले मैदानावर पोरगा खेळायला लागला, शाळेच्या संघात आला, तोवर काही अडलं नाही. जास्त वयाचा कागद दाखवला की कोणी हरकत घेत नाही. मग २०१४ मध्ये हवा आली. २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात होणार, १ जानेवारी २००० ला किंवा त्यानंतर जन्मलेली पोरं पाहिजेत. मी घरी दाखला काढून बघितला. अकरा जानेवारी! दहा दिवसांनी आत. असा मुहूर्त कोणाला मिळतो ओ? या वयोगटात साल हेच सगळं असतं. जानेवारीचा पोरगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, त्या वयात म्हणजे चार बोटं उंच आणि धक्क्याला पक्का. निवडणाऱ्याचा डोळा तिथेच जातो.

पण दाखल्यावर नाव नव्हतं. नाव घालायला गेलो तिकडच्या एका कार्यालयात. नाव लिहीत नाही, त्यातली माणसं आता बदलली असतील. तिथे म्हणाले, बापाचं नाव शाळेच्या कागदाशी जुळत नाही. जुळणार कसं? आमच्याकडे नाव, बापाचं नाव, आडनाव. इकडे कर्नाटकातल्या शाळेत नावापुढे दोन इंग्रजी अक्षरं आणि संपलं. मग इकडच्या कचेरीत गेलो की हे दोघे एकच आहेत असं लिहून द्या. खिडकीतल्या बाईंनी मराठी दाखला हातात घेतला, पालथा केला, मागे काही लिहिलंय का बघितलं आणि परत दिला. "नाळे बर्री." उद्या या. उद्या गेलो तर म्हणाल्या, हा महाराष्ट्राचा कागद, तिकडेच दुरुस्त करा. तिकडे गेलो तर, तुम्ही कर्नाटकचे, तिकडून लिहून आणा. सात फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक खाडा. सातव्या फेरीला तिथला शिपाईच मला चहा पाजायला लागला.

त्या चहाच्या टपरीवरच तो माणूस भेटला. म्हणाला, काका, जन्मदाखल्याच्या नादाला लागू नका, शाळेची तारीख हीच खरी धरतात, बाकी सगळं त्याच्यासारखं करून घेऊ. मी थकलो होतो. स्टँपपेपरवर सही केली: 'माझा मुलगा १ जून १९९९ रोजी जन्मला असे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो.' त्यावर आधारकार्ड काढलं, तीच तारीख. आठवडाभरात सगळं एकसारखं. मला वाटलं सुटलो.

मग बायकोच्या भावाने, मला न विचारता, गावात ग्रामसेवकाला गाठून दाखल्यावर नाव चढवून घेतलं. एका फेरीत! गावातल्या माणसाने गावात विचारलं की होतं, हे तेव्हा कळलं. पण आता घरात दोन साल झाले. एक सरकारी वहीतलं, खरं. दुसरं माझ्या सहीचं, खोटं.

२०१५ मध्ये बेंगळूरला निवड चाचणी होती. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर बसून गेलो, सकाळी स्टेशनवर तोंड धुतलं. पोराला बिब मिळाला तेवीस नंबरचा. चाळीस मिनिटं खेळला. बाप म्हणून सांगत नाही, पण दोन वेळा त्याने डावीकडून आत घेतलेला बॉल बघून बाजूचा माणूस 'यार पा इवनु' म्हणाला, कोण रे हा. त्यांनी त्याला टेबलाकडे बोलावलं. तो शिन पॅड सोडत बसला आणि मी प्लॅस्टिकची पिशवी उघडली. मला वाटलं जितके जास्त कागद तितकं चांगलं, म्हणून सगळेच दिले. दाखला, आधार, शाळेचं सर्टिफिकेट, अॅफिडेव्हिट.

टेबलावरच्या गृहस्थाने दाखला आणि अॅफिडेव्हिट शेजारीशेजारी ठेवले. दोन्ही तारखांखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारली. आवाज चढवला नाही. इंग्रजीत विचारलं, ही सही तुमचीच ना? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग तुम्हीच सांगा मी कुठली धरू.

पोरगा एक पाय बुटात आणि एक मोज्यात असा उभा होता. परतीच्या गाडीत हुबळी येईपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "पप्पा, त्यांना वाटलं आपण चोर आहोत."

तो भारतीय संघात गेला असता असं मी म्हणत नाही. हे नीट वाचा, कारण आईबापांच्या डोक्यात इथेच भूत शिरतं. अख्ख्या देशातून २१ जण निवडले. त्यात मणिपूरचे आठ. आपल्या या टापूतला एकच, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. कर्नाटकातून संजीव स्टॅलिन आणि हेन्री अँटोने. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४, तिन्ही हरलो. तरी ९ ऑक्टोबरची ती रात्र विसरत नाही. ८२ व्या मिनिटाला स्टॅलिनचा कॉर्नर, जॅक्सन सिंगचं हेडर, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. आमच्या गल्लीत फटाके लागायच्या आत कोलंबियाने दुसरा घातला. माझा पोरगा उठून बाहेर गेला. स्टॅलिनच्या जागी तो असता असं नाही, पण चाचणीत खेळात कमी पडून हरला असता तर त्याला आणि मला एवढं लागलं नसतं.

असो. तुमच्याकडे येतो.

पोरगा खरंच २०१२ चा असेल तर त्याच्या विश्वचषकाचं साल २०२९. हिशेब सोपा आहे: ज्या वर्षी स्पर्धा त्यातून १७ वजा करा, त्या वर्षाच्या एक जानेवारीपासून पुढे जन्मलेले चालतात. १७ वर्षांखालचा विश्वचषक आता दरवर्षी आहे, २०२५ ते २०२९ पाचही कतारमध्ये, आणि संघ २४ वरून ४८ झालेत. २०२५ ला आशियातून यजमान कतार धरून नऊ संघ गेले. आशियाई स्पर्धेत शेवटच्या आठात आलं की विश्वचषकाचं तिकीट. पूर्वी चारात यावं लागायचं. २०१८ ला मलेशियात आपली पोरं तिथेच अडकली, कोरियाकडून ०-१. आजचे नियम तेव्हा असते तर तो संघ विश्वचषकात दिसला असता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला इराणकडून आधी गोल खाऊन २-१ ने जिंकलो आणि सौदी अरेबियातल्या २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही वेळी कोच गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. त्यांच्याच २०२३ च्या संघाने जपानला चार गोल मारले आणि आठ खाल्ले. आपली अडचण त्या एका स्कोअरमध्ये आहे: मारतो आपण, धरून ठेवता येत नाही. म्हणून आशा ठेवायला जागा आहे, पण जमीन विकण्याइतकी नाही.

शाळेच्या कागदाने मात्र त्याचं साल २०२८ होतं. एक पूर्ण वर्ष गेलं. आणि तो लहानखुरा का दिसला, हे कोणी तुम्हाला सांगितलं का? जिल्ह्याच्या निवडीत त्याला २०११ च्या पोरांत उभा केला असणार. त्यातल्या जानेवारीवाल्यापेक्षा तो तेरा महिन्यांनी लहान. खऱ्या सालात उभा करा, फेब्रुवारीचा म्हणजे मोठ्यांत मोजला जाईल. कोचला शिव्या द्यायच्या आधी हे बघा.

म्हणून पहिलं काम, चंदगडला जाऊन दाखल्यावर नाव. तुम्ही जाऊ नका, भावाला पाठवा. नोंद असली आणि नाव नसलं तर नाव घालायला नोंदीपासून पंधरा वर्षांची मुदत असते, तुमची २०२७ च्या सुरुवातीला संपते. नोंद जन्मानंतर लगेच झालीय ही तुमची सगळ्यात मोठी पुंजी आहे. ज्यांची वर्षानंतर होते त्यांना दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो आणि वर तसल्या दाखल्याकडे चाचणीवाले संशयाने बघतात. नाव घालताना बापाचं नाव, आडनाव, स्पेलिंग एका चिठ्ठीवर लिहून द्या. 'Belgaum' की 'Belagavi' असा घोळ पत्त्यात चालून जातो, नावात नाही.

मग शाळा. दहावीच्या गुणपत्रिकेवर तारीख छापली की विषय फार लांबतो, त्याच्या आधी करा. आम्हाला शाळेने कोर्टाचा हुकूम आणायला सांगितला, चौदा महिने लागले, तोवर विश्वचषक होऊन गेला होता. तुमच्याकडे कदाचित गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर भागेल, लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं. आधार सगळ्यात शेवटी. त्यावरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, ती संधी चुकीच्या तारखेवर घालवू नका.

आणि त्या माणसाला नाही म्हणा. कागद एकसारखे करणं आणि कागद खरे करणं यात मी फसलो.

वैद्यकीय चाचणीची भीती घेऊ नका. मनगटाचा एक्स-रे काढतात, मोठ्या स्पर्धेत एमआरआय. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते, ती पूर्ण भरली की सतराच्या पुढचा धरतात. क्वचित एखाद्या खऱ्या वयाच्या पोराचीही लवकर भरते आणि तो बिचारा बाहेर जातो, त्याला इलाज नाही. पण तुमचा लहानखुरा आहे, काळजी नसावी.

कोल्हापूर, गोवा की बेंगळूर? माझं मत, न पटलं तर सोडून द्या. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा दोन तालमींचा सामना एकदा तरी दाखवून आणा, फुटबॉलवर एवढा जीव टाकणारी माणसं तुम्हाला दुसरीकडे दिसणार नाहीत. पण चौदा वर्षांचं पोर पेठेच्या मोठ्या सामन्यात पाच-सातशे रुपयांसाठी उतरवू नका, घोट्याला एक लागली की हंगाम गेला. गोव्यात शिकवणी चांगली, चोर्ल्यातून दोन-तीन तासांचा रस्ता, पण पावसाळ्यात त्या घाटात रोज कोण जाणार. आणि कुठेही घाला, भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाईन नोंदणीत खेळाडू एका वेळी एकाच क्लबचा असतो. दोन्ही राज्यांत पाय ठेवून उभं राहायची आपली जी सवय आहे ती तिथे चालत नाही. शाळा इथली आहे तर आधी इथूनच शाळांच्या सुब्रोतो कपच्या तालुका-जिल्हा फेऱ्या, मग राज्याचा सब-ज्युनिअर, म्हणजे लहान वयोगटाचा संघ. राष्ट्रीय संघाची माणसं पोरं बघतात ती अशा स्पर्धांत आणि युवा लीगमध्ये. 'थेट इंडिया कॅम्प' म्हणून व्हॉट्सअॅपवर जाहिरात येते आणि फॉर्मचे दोन हजार मागते, ती पुसून टाका. जॅक्सन सिंगसुद्धा अगदी शेवटच्या काही महिन्यांत संघात आला होता, तेव्हा या वर्षी डावललं म्हणून पोराला घरी बसवू नका.

माझा मोठा आता सव्वीसचा. रविवारी सकाळी लेले मैदानावर बारकी पोरं खेळवतो. नवीन पोर आलं की आधी बूट बघत नाही, आईला जन्मदाखला आणायला सांगतो. लोक हसतात त्याला.

एक राहिलं. भाऊ ग्रामपंचायतीत जाईल तेव्हा नोंदवहीच्या त्या पानाची शिक्क्यासह नक्कल मागून घ्या, नोंदणीची तारीख आणि अनुक्रमांक स्पष्ट दिसेल अशी. ग्रामसेवक बदलून जातात, आणि नवीन आला की जुनी वही कुठल्या कपाटात आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्याला सकाळी लवकर जायला सांगा. आमच्या मेहुण्याला साहेब अकराच्या आतच सापडले होते.