विचारा सुभेदारांना: वास्याकाकाची गाडी

प्रश्न : सुभेदारसाहेब, रशियाचे पॅराट्रूपर विमानातून रणगाडे खाली टाकतात आणि रणगाड्यात माणसं बसलेली असतात, असं माझा धाकटा भाऊ छातीठोकपणे सांगतो. मला ही शुद्ध थाप वाटते. पाव किलो कंदी पेढ्यांची पैज लागली आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : पेढे आणा, भाऊ जिंकला. पण त्याला रणगाडा म्हणू नका. तुमच्या चार ओळींत तो शब्द दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात कळ आली. ती बीएमडी. ‘बोयेवाया माशीना देसान्ता’, म्हणजे हवाई सैनिकांची लढाऊ गाडी. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत मी तिच्या थोरल्या भावंडावर, बीएमपी या पायदळाच्या लढाऊ गाडीवर, बावीस वर्षं काढली. त्यामुळे घराणं माहितीतलं आहे.

सुरुवातीला माणसं आत नसायची. गाडी सामान टाकायच्या सपाट फळाटावर पट्ट्यांनी जखडून विमानातून सोडायची आणि जवानांनी मागोमाग आपापली उडी मारायची. वारा कुणाच्या बापाचा नसतो. माणसं एका शेतात, गाडी ओढ्यापलीकडे. गाडीवर छोटा ट्रान्समीटर असायचा, त्याची पिपपिप ऐकत ड्रायव्हरने आपली गाडी हुडकायची, मग पट्टे सोडवायचे, मग इंजिन. तोवर शत्रू काय चहा पीत बसणार?

हवाई सैन्याचे सेनापती होते वसिली मार्गेलोव. १९५४ पासून १९७९ पर्यंत, मधली दोनेक वर्षं सोडली तर, खुर्ची त्यांचीच. हवाई सैन्याची रशियन आद्याक्षरं व्हे-दे-व्हे. जवान त्याचा अर्थ ‘वास्याकाकाचं सैन्य’ असा लावतात, तो काका हाच. त्यांनी ठरवलं की माणसं गाडीतच उतरतील. ५ जानेवारी १९७३ ला रशियातल्या तुला शहराजवळ अँतोनोव-१२ या मालवाहू विमानातून बीएमडी-१ सोडली. आत दोघे होते: लिओनिद झुयेव आणि अलेक्सांदर मार्गेलोव. आडनाव बघितलंत? सेनापतींचा मुलगा. दुसऱ्याचं पोरगं आत बसवून खाली दुर्बीण लावून उभं राहणारे साहेब कुठल्याही फौजेत मिळतील. हा माणूस वेगळा होता.

दोघं ज्या आसनांवर उताणे होते ते ‘काझबेक-डी’. राकेश शर्मा ज्या सोयूझमधून गेले त्या यानांतल्या काझबेक आसनाचंच हे साधं रूप. धक्का पाठीवर पसरून घ्यायचा, कण्यावर उभा येऊ द्यायचा नाही, ही त्यातली युक्ती. तिचं मोल मला कळतं. खारे कर्जुन्याच्या रेंजवर आमची गाडी एका चरात हातभर उंचीवरून आदळली होती. जीभ दाताखाली आली आणि तीन दिवस मी आमटी-भातावर होतो. हातभर, बरं का.

२३ जानेवारी १९७६ ला प्स्कोवजवळ याहून धाडसी प्रयोग झाला. या वेळी अनेक छत्र्या नव्हत्या, एकच मोठी होती, त्यामुळे गाडी कितीतरी वेगाने खाली येते. खाली लोंबणारे दांडे जमिनीला टेकले की वरची रॉकेटं पेटतात आणि अगदी शेवटच्या क्षणी वेग मारतात. आत पुन्हा अलेक्सांदर, सोबत लिओनिद श्चेर्बाकोव. दोघांना ‘रशियाचा वीर’ हा किताब मिळाला १९९६ मध्ये, वीस वर्षांनी. सरकारी कागद सगळीकडे सारखाच चालतो.

प्रश्न : युक्रेनमधल्या फोटोंत या गाड्या जळून वाकलेल्या दिसतात. रशियाला जाड चिलखत परवडत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : परवडतं हो, विमानाला पेलत नाही. बीएमडी-१ चं वजन साधारण सव्वासात टन, माणसं सात. आमची बीएमपी-२ चौदा टनांच्या वर. वजन उतरवायला अंगच अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं, कारण ते पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं. त्यातून साधी गोळी आणि कपच्या अडतात. त्यापुढे देवाचं नाव.

एक गंमत मात्र मला फार आवडते. ड्रायव्हर बसल्या जागेवरून गाडीची उंची बदलतो. पोट जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरपासून दहापर्यंत आणता येतं. फळाटावर बांधताना ती कोंबडीसारखी पोटावर बसते, उतरली की पायांवर उभी राहते. पाण्यात मागच्या जेटवर चालते. आमची बीएमपी बिचारी चाकांवरचे पट्टे हलवत पोहते, म्हशीच्या चालीने.

पण पातळ पोटाची किंमत अफगाणिस्तानात मोजावी लागली. डिसेंबर १९७९ मध्ये या गाड्या काबूल आणि बग्रामला छत्रीने नाही, विमानातून सरळ धावपट्टीवर उतरल्या. राजधानी ताब्यात घ्यायला वेग कामी आला. नंतर डोंगरातल्या रस्त्यांवर सुरुंग आले. सुरुंग फुटला की आतला माणूस वाचणं कठीण, म्हणून जवान टपावर बसून प्रवास करू लागले. वरून गोळी लागेल ती लागेल, पण आत नको. जी गाडी बनवली माणसं आत ठेवायला, तिच्यावर ही पाळी. पुढे तिथल्या बऱ्याच हवाई तुकड्यांनी बीएमपी-२ घेतल्या.

तुम्ही पाहिलेले फोटो बहुधा कीवजवळच्या बूचाचे असावेत. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस तिथल्या वोकझाल्ना रस्त्यावर हवाई सैन्याचा अख्खा ताफा अडकून जळाला, दोन्ही बाजूंना घरं आणि वळायला जागा नाही. ही गाडी शत्रूच्या पाठीमागे अचानक उतरून पूल किंवा विमानतळ धरायला केलेली. तिला गल्लीत एकामागोमाग एक उभी केली तर चूक गाडीची नाही. सध्याची बीएमडी-४एम साडेतेरा टनांची आहे, वर शंभर आणि तीस मिलिमीटरच्या दोन तोफा. दात वाढले, कातडी फारशी नाही.

प्रश्न : माझे आजोबा २ पॅरा (मराठा) मध्ये होते. त्यांच्याकडे अशा गाड्या होत्या का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला, ११ डिसेंबर १९७१ ला, त्यांच्याबरोबर छत्रीने जीप आणि तोफा उतरल्या, चिलखत नाही. पुंगली पूल त्यांनी त्याच संध्याकाळी घेतला. जी विमानं त्यांना घेऊन गेली त्यांत अँतोनोव-१२ ही होती, म्हणजे तुलाजवळ तेरा महिन्यांनी वापरली तीच जात. आजोबा असतील तर माझा सॅल्यूट सांगा. त्यांच्याकडचे काही फोटो असतील तर डबा उघडून उन्हात नका ठेवू, मी माझे तसेच घालवले.

प्रश्न : काका, मी पुठ्ठ्याची मॉडेलं करतो. फोटोत बीएमडी आणि बीएमपी वेगळी कशी ओळखायची?
– इयत्ता नववी, अकोला

उत्तर : बाळा, चाकं मोज. पट्ट्याच्या आतली जमिनीवर टेकणारी मोठी चाकं एका बाजूला पाच असली तर बीएमडी, सहा असली तर बीएमपी. मग मागे जा. बीएमपीचं इंजिन पुढे, म्हणून मागे दोन दारं असतात. दारं पोकळ असतात आणि आत डिझेल भरतात, टेकून बसायला मला कधी धीर झाला नाही. बीएमडीचं इंजिनच मागे, त्यामुळे दार नाही. जवान वरच्या झडपेतून इंजिनावर चढून बाहेर पडतात. पुठ्ठा कापताना मागची बाजू सपाट बंद ठेव आणि झडप वर काप. पट्टा ओढणारं दात्यांचं चाकही बीएमडीला मागे येतं, पुढे चिकटवलंस तर गाडी उलटी झाली समज.