कोल्ड स्टोरेजमधला सेन्सर मोबाइल टॉवरच्या लहरींवर चालेल का?

तुमचा बेत मला समजला तो असा: तासगावजवळ बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, आत अंधार, बॉक्सच्या थप्प्यांत तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर. सेल बदलायची कटकट नको म्हणून शेजारच्या मोबाइल टॉवरच्या लहरींतून वीज काढायची. त्यासाठी लहरींची डीसी वीज करायला चार साध्या १एन४१४८ सिलिकॉन डायोडचा ब्रिज (म्हणजे रेक्टिफायर), ती वाढवून साठवायला बीक्यू-२५५७० चं मॉड्यूल आणि सुपरकॅपॅसिटर, वाय-फायवाला कंट्रोलर ईएसपी-३२ आणि तापमान-आर्द्रतेचा सेन्सर डीएचटी-२२.

स्पष्टच सांगतो, हे चालणार नाही. पण हिशेब एकदा मांडा, कारण काय चालेल तेही त्यातूनच कळतं.

टॉवर शेजारी म्हणजे वीज भरपूर, हा पहिला गैरसमज. टॉवरचा मुख्य झोत तुमच्या छपरावरून पुढे निघून जातो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी शहरातल्या २७० भुयारी रेल्वे स्थानकांबाहेर मोजमापं घेतली आणि ती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. टॉवरकडून येणाऱ्या ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएम (२जी) पट्ट्यात सरासरी ३६ नॅनोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, १८०० च्या पट्ट्यात ८४, आणि वाय-फायमध्ये फक्त ०.१८. आता ९०० मेगाहर्ट्झला साध्या अँटेनाचं परिणामी (लहरी गोळा करणारं) क्षेत्रफळ साधारण ८८ चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे हाती आले सुमारे ३ मायक्रोवॅट. १८०० ला घनता दुपटीहून जास्त, पण अँटेनाचं क्षेत्रफळ चौपटीने घटतं, त्यामुळे तिथे मिळकत उलट कमीच.

हे सगळं रेक्टिफायरच्या आधीचं. एवढ्या क्षीण सिग्नलला चांगल्या शॉटकी डायोडनेही (हा कमी व्होल्टला चालू होतो) पंधरा-वीस टक्के मिळाले तर नशीब. हातात उरला अर्धा-पाऊण मायक्रोवॅट, तोही उघड्या रस्त्यावर. तुमचं स्टोअर पफ (फोम भरलेल्या) पॅनलचं असणार, दोन्ही बाजूंना पत्रा. दार लावल्यावर आत फोनची रेंज जात असेल, तर सेन्सरला काय मिळणार?

खर्चाची बाजू बघा. ईएसपी-३२ जागा होऊन, वाय-फायला जोडून एक निरोप धाडेपर्यंत साधारण अर्धा ज्यूल खातो. वरच्या मिळकतीत तेवढं साठायला आठ-दहा दिवस लागतील, तेही सुपरकॅपॅसिटर अजिबात गळत नाही असं धरून. प्रत्यक्षात त्याची गळती एक मायक्रोअँपिअर जरी धरली, तरी ३ व्होल्टला ३ मायक्रोवॅट गेले. भरण्यापेक्षा गळणं जास्त. १एन४१४८ चा तर विषयच सोडा. उणे २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतलं माप) म्हणजे १० मायक्रोवॅट मिळाले असं धरलं तरी ५० ओहमवर जेमतेम ३२ मिलिव्होल्टचं शिखर. सिलिकॉन डायोडला अर्ध्या व्होल्टाच्या वर लागतं, तो जागचा हलणारही नाही. या कामाला एसएमएस-७६३० सारखा शून्य बायसचा, म्हणजे वेगळं व्होल्टेज न देता चालणारा शॉटकी लागतो. बीक्यू-२५५७० चं जे मॉड्यूल तुम्ही घेणार म्हणताय, ते कोऱ्या अवस्थेतून सुरू व्हायलाच ६०० मिलिव्होल्ट आणि १५ मायक्रोवॅट मागतं.

मग फोनच्या लहरींवर एलईडी पेटवून दाखवणारे व्हिडिओ असतात, त्यात तो कसा पेटतो? फोन दोन बोटांवर धरलेला असतो म्हणून. जीएसएम-९०० चा हँडसेट २ वॅटपर्यंत झटके देतो. हात लांब करा, एलईडी विझेल. बिनसेलाच्या क्रिस्टल रेडिओचा दाखला कुणी देईल, पण तिथे समोर मध्यम लहरींचं शेकडो किलोवॅटपर्यंतचं केंद्र असतं, छपरावर कित्येक मीटर तार असते आणि कानातल्या हेडफोनला लागतं नगण्य.

हवेतल्या लहरींवर खरोखर चाललेलं उदाहरण आहे, नाही असं नाही. सिएटलच्या इंटेल प्रयोगशाळेत २००९ च्या सुमारास ४.१ किलोमीटरवरच्या टीव्ही टॉवरकडे लॉग-पिरिऑडिक अँटेना रोखून ६० मायक्रोवॅट मिळवले आणि त्यावर घरगुती तापमान-आर्द्रता मापक चालवला. पण तो टॉवर ९६० किलोवॅट परिणामी शक्तीचा होता आणि अँटेना त्याच्या थेट नजरेत. शेजारचा मोबाइल टॉवर त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

माझं मत म्हणाल तर तुमच्या स्टोअरला सेलच लावा. एए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल ३.६ व्होल्ट, २.४ अँपिअर-तासांचा. कागदावर दहा वर्षं सलग सुमारे १०० मायक्रोवॅट! स्वतःची झीज वजा केली तरी टॉवरच्या मिळकतीच्या कितीतरी पट. दर पंधरा मिनिटांनी लोराचा (कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओचा) एक छोटा निरोप धाडला आणि मधल्या वेळात नीट झोपवलं, तर सरासरी खर्च १५-२० मायक्रोवॅटच्या घरात राहतो. डीएचटी-२२ ऐवजी एसएचटी-४० घ्या, काही मायक्रोज्यूलमध्ये वाचन होतं. हा सेल एकदम जास्त करंट देत नाही, म्हणून समांतर कॅपॅसिटर हवा. आणि गेटवे, म्हणजे हे निरोप घेऊन पुढे पाठवणारा डबा, पत्र्याच्या आत ठेवा.

सेल नकोच असेल तर वीज तुम्हीच पाठवायला हवी, म्हणजे आरएफआयडी: रीडर लहर सोडतो आणि बिनसेलाचा टॅग तिच्यावर चालतो. १ वॅटचा रीडर, ६ डीबीआयचा (शक्ती एका दिशेला सुमारे चौपट एकवटणारा) अँटेना: मोकळ्या जागेत ५ मीटरवर सुमारे १२० मायक्रोवॅट, १० मीटरवर ३०. टॅग स्वतः काहीच प्रसारित करत नाही, रीडरचीच लहर कमी-जास्त परावर्तित करतो, म्हणून त्याचं इतक्यात भागतं. तापमान सांगणाऱ्या मॅग्नस एस-३ सारख्या चिप मिळतात. अडचण आहे ती मालाची. बेदाण्यात साखर आणि पाणी, त्यामुळे थप्पीच्या पोटातला टॅग बहुधा वाचता येणार नाही. बाहेरच्या अंगाला, बॉक्सपासून थोडं अंतर सोडून लावलेला वाचता येईल. पण मग तुम्हाला माल नाही, बोळातली हवा मोजून मिळेल. ते पुरेसं आहे का, हे तुम्हीच ठरवा.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रेक्टिफायर करायचाच असेल तर टॉवरच्या भरवशावर राहू नका. एसएक्स-१२७६ चं लोरा मॉड्यूल ८६६ मेगाहर्ट्झवर सलग लहरीच्या मोडमध्ये, २० डीबीएमवर लावा. मीटरभरावर उणे १० डीबीएमच्या आसपास मिळतं. मॅचिंग (अँटेना आणि डायोडचा मेळ) नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी यंत्रावर बघाल तेव्हा ज्या पातळीवर सर्किट चालणार त्याच पातळीवर बघा, मध्ये सिग्नल कमी करणारा अॅटेन्युएटर लावून, कारण डायोडचा इम्पिडन्स (लहरीला होणारा विरोध) पॉवरनुसार बदलतो. आउटपुटला नुसता मल्टिमीटर लावून १ व्होल्ट दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, १० मेगाओहमवर तो ०.१ मायक्रोवॅट आहे. १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि मग आकडा लिहा.

एक राहिलं. परदेशी साइटवरचं ९१५ मेगाहर्ट्झचं पॉवर ट्रान्समीटर किट मागवू नका. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मोकळा पट्टा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. आपल्यासाठी विनापरवाना पट्टा ८६५ पासूनचा, १ वॅट ट्रान्समीटर आणि ४ वॅट परिणामी शक्तीच्या मर्यादेत.